आई मला अक्का म्हणत होती

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी कराडात नववीच्या वर्गावर होते. मी शाळेत मराठी शिकवते. तासाला फोन बंद ठेवायची सवय असल्यामुळं काकीनं शेवटी ऑफिसात फोन केला आणि शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. वडील गेल्यापासून आई विट्याजवळच्या आमच्या गावी काका-काकींपाशी राहत होती. मी एकुलती एक. तिला कराडला माझ्याकडं ये म्हणून मी दोन-तीनदा म्हटलं होतं, पण तसं म्हणण्यात फार जोर नव्हता आणि ते तिलाही कळलं असावं.

काकांनी तिला गाडी करून सांगलीला दवाखान्यात नेलं. मी तिथं पोचले तेव्हा तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचा पूर्ण बंद होती. आठवडाभर ती नुसती बघत राहिली. आठव्या दिवशी सकाळी तिनं ओठ हलवले आणि म्हणाली, "तण्णी." सिस्टरला वाटलं ती कण्हतेय. मी पायथ्याशी उभी होते, मला तो शब्द कळला. पाणी. मी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं आणि ती आणखी काहीतरी बोलली, चांगलं लांबलचक वाक्य. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

ती तमिळ बोलत होती. त्या दिवसापासून ती तमिळच बोलली. मराठी तिला आमच्या तोंडची थोडीफार कळत असावी, पण तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द पुन्हा आला नाही. डॉक्टर म्हणाले, झटक्यात मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावतो. ज्यांना दोन भाषा येतात त्यांची कधी एक जाते आणि एक राहते. कुठली राहील ते सांगता येत नाही. मराठी हळूहळू परत येईल, कदाचित येणारही नाही.

ही भाषा आमच्या घरात कुठून आली ते सांगायला हवं. आमच्या भागातले लोक दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर गेले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या गावचे बहुतेक उत्तरेला गेले, कानपूर, लुधियाना, दिल्ली. माझे वडील तेवढे त्यांच्या मामाच्या ओळखीनं खाली तमिळनाडूत, सेलमच्या पुढच्या एका लहान शहरात गेले. सराफांच्या गल्लीत दुकान, वर दोन खोल्या. आई लग्न होऊन थेट तिथंच उतरली. तिला अठरावं लागलं होतं, आणि त्या आधी तिनं सांगलीसुद्धा पाहिली नव्हती.

खालच्या बाजूला एक तमिळ कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईंना आई अक्का म्हणायची. अक्कांनीच तिला बाजार दाखवला, कोथिंबीर मागायला शिकवलं, इडलीचं पीठ वाटायला शिकवलं. मी झाले तेव्हा आईची आई येऊ शकली नव्हती. बाळंतपण अक्कांनी केलं. मला न्हाऊमाखू त्यांनी घातलं, आणि तान्ह्या पोराशी जे बोबडं, लाडाचं बोलतात ते आई त्यांच्याकडूनच ऐकून ऐकून शिकली. त्यामुळं मी पहिलं बोलले ते तमिळ. घरात वडील आले की मराठी, ते दुकानात उतरले की तमिळ. आईला मी अम्मा म्हणायचे.

मी नऊ वर्षांची झाले तेव्हा वडिलांनी ठरवलं की पोरीनं मराठी शाळेत शिकायला पाहिजे, उद्या लग्न तिकडंच व्हायचं आहे. मला गावी आत्याकडं ठेवलं. शाळेत पहिल्याच आठवड्यात माझं नाव मद्राशी पडलं. मी मराठीत चुकले की पोरी हसायच्या, न चुकता बोलले तरी तोंड वाकडं करून माझी नक्कल करायच्या. मग मी ठरवून, जिद्दीनं मराठी शिकले. सगळ्यांपेक्षा चांगलं शिकले. त्या जिद्दीवरच मला पुढं नोकरी लागली.

त्या वर्षीच्या दिवाळीत आई आली. मी आणि आत्या तिला आणायला विट्याच्या स्टँडवर गेलो होतो. माझ्या वर्गातल्या दोन पोरी त्यांच्या आयांबरोबर तिथंच उभ्या होत्या. आई गाडीतून उतरली, पिशव्या खाली टाकल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तमिळमध्ये भराभर बोलायला लागली. पाच महिन्यांनी भेटत होती. पोरी तोंडाला हात लावून हसल्या. मी आईचे हात बाजूला केले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथं तसलं बोलू नकोस. मला लाज वाटते."

आईनं पिशव्या उचलल्या आणि आत्याशी मराठीत बोलत चालायला लागली. त्या सुट्टीभर ती माझ्याशी मराठीत बोलली, प्रत्येक वाक्याआधी थोडी थांबून. पुढंही कायम तशीच बोलली. मी सुट्टीला तिकडं गेले तरी माझ्याशी मराठी आणि अक्कांशी तमिळ. दोन-चार वर्षांत माझं तमिळ पुसून गेलं. पाणी, भात असे पाच-सात शब्द उरले असतील. ते मी कुणाला सांगत नव्हते.

वडील वारल्यावर दुकान बंद झालं आणि आई गावी आली. चाळीसेक वर्षं बाहेर काढलेली बाई. अक्का त्याआधीच गेल्या होत्या, त्यांची मुलं चेन्नईला लागली होती. गावात आईला मागं मद्रासवाली म्हणायचे, वाईट मनानं नाही, ओळख म्हणून. तिकडं ती रोज न्हाऊन केसांत फूल घालायची, विधवा झाल्यावर ते थांबलं तरी इथं दारातला मोगरा तिनं वाढवला. सकाळी दारात पिठाची रांगोळी काढायची. काकीला सुरुवातीला पीठ वाया जातं म्हणून राग यायचा. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. आम्ही तब्येतीचं, पावसाचं, कुणाच्या लग्नाचं बोलायचो. बोलणं लवकर संपायचं. मला वाटायचं, आई मुळातच अबोल आहे.

दवाखान्यातून तिला गावीच आणलं. मी रजा टाकून महिनाभर तिथं राहिले. गावात आधी कुजबुज झाली. दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी काकीला सांगितलं, परक्या भाषेत बडबडते म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे, दाखवून आण. काकीनं त्यांना उभं केलं नाही. "त्यांची जलमभराची भाषा हाय ती. तिकडं घर केलं त्यांनी," असं म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं. पण तीही घाबरली होती. आई बोलायला लागली की तिला काही सुचायचं नाही. हातवारे करून, अंदाजानं ती दिवस काढत होती. काही दिवसांनी तिनं स्वतःच तीन-चार शब्द धरले. तण्णी म्हणजे पाणी, पोदुम म्हणजे बास. भरवताना म्हणायची, "जाऊबाई, पोदुम झालं की सांगा, न्हाईतर मी आपली कोंबत बसीन."

माझ्या एका सहकाऱ्यानं सुचवलं म्हणून मी फोनमधल्या भाषांतराचा उपाय करून बघितला. आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. फोनला ते समजत नव्हतं. कधी तो एखाद्या गावाचं नाव दाखवायचा, कधी नुसतं "कृपया पुन्हा बोला." आई फोनकडं बघून गप्प बसायची. मी तो नाद सोडला.

मी खोलीत गेले की आई तिचा चांगला हात उचलून काहीतरी म्हणायची आणि शेजारच्या खुर्चीकडं दाखवायची. मी बसले की बोलायला लागायची. मधेमधे मला अक्का म्हणायची. आमच्याकडं लाडानं पोरीला अक्का म्हणतातच, त्यामुळं मला बरं वाटायचं. निदान आपल्याला हाक तरी मारते. मी मराठीत उत्तर द्यायचे, होय गं, झोप आता, औषध घे. ती माझं तोंड बघायची आणि पुन्हा सांगू लागायची. तेच तेच काहीतरी असावं, कारण आवाजाचे चढउतार ओळखीचे झाले होते. शेवटी ती दमायची आणि डोळे मिटून घ्यायची.

रजा संपत आली तेव्हा शेजारच्या मळ्यात बोअरची गाडी आली. कालव्याचं पाणी आमच्या माळापर्यंत पोचलेलं नाही, त्यामुळं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी बोअर मारतंच. दोन मोठे ट्रक, दिवसभर धडधड आणि सगळ्या झाडांवर पांढरा धुरळा. दुसऱ्या दिवशी काकी शेण टाकायला गेली ती तशीच पळत परत आली. म्हणाली, "पोरी, ती मानसं भात रांधताना बोलत हुती. आपल्या जाऊबाईंवानीच बोलत्यात गं."

बोअरच्या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्याच असतात, हे मला माहीत होतं. माण-खटाव, आटपाडी, जत, सगळीकडं तेच लोक येतात. तरी महिनाभर मला ते सुचलं नव्हतं. काकी परत गेली आणि आपल्या मराठीत, हातवारे करून, त्यांच्यातल्या मुख्य माणसाला आईचं सांगून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन दुरुस्तीला थांबलं होतं तेव्हा तो आला. पन्नाशीचा, काळासावळा, अंघोळ करून कपाळाला भस्म लावून आलेला. चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन आईसमोर हात जोडले आणि "वणक्कम अम्मा" म्हणून खाली फरशीवर बसला.

आईनं त्याच्याकडं बघितलं. मग ती असं काही बोलायला लागली की मी आणि काकी भिंतीला टेकून बघतच राहिलो. तिनं त्याला प्रश्न विचारले, तो उत्तरं देत होता. मधेच ती हसली. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. त्यानं नंतर सांगितलं, तिनं त्याचं गाव विचारलं, मुलं किती, शेती आहे का, तिकडं पाऊस झाला का, आणि तुम्ही जेवलात का. मग तिनं माझ्याकडं बोट दाखवून त्याला बराच वेळ काही सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. ती थांबली तेव्हा तो माझ्याकडं वळला. त्याचं मराठी मोडकं होतं, मधे हिंदी यायचं, पण आमच्या भागात वर्षानुवर्षं फिरल्यामुळं कामापुरतं चांगलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "अम्माची मुलगी कुठं आहे?"

मी विचारलं, का.

तो म्हणाला, अम्मा सगळं तिचंच बोलते. तुम्ही तिच्या शेजारच्या अक्का आहात, फार चांगल्या आहात, रोज येऊन बघता, असं सांगते. मुलगी गावाला शाळेत आहे. मी आजारी आहे हे तिला कळवू नका, तिची परीक्षा बुडेल, असं ती तुम्हाला रोज सांगते, पण तुम्ही हो म्हणत नाही, म्हणून तिला काळजी लागली आहे.

 तो जरा घुटमळला. मग आवाज खाली करून म्हणाला की अम्मा अजून एक सांगते, पण ते घरातलं आहे. मी म्हटलं, सांगा. त्यानं सांगितलं ते असं. मुलगी गाडीच्या स्टँडवर अम्माच्या बोलण्याला लाजली. अम्मा म्हणते, ती बरोबर आहे, तिला त्या लोकांत राहायचं आहे. "पण अक्का, मी आता तिच्याशी काय बोलू? लेकराशी बोलायचं मी तुमच्याकडून शिकले. मराठीत मला ते येत नाही. ती समोर आली की मला शब्द सापडत नाहीत."

मी त्याला सांगितलं, ती मुलगी मीच आहे.

त्यानं मान खाली घातली. काकी तोंडाला पदर लावून आत निघून गेली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, अम्माला सांगू का. मी हो म्हटलं. त्यानं तिला सांगितलं. आईनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं, अगदी केसांपासून पायापर्यंत. मग हसून त्याला काहीतरी म्हणाली आणि डावा हात कॉटपासून जरासा वर धरून उंची दाखवली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"अक्का थट्टा करतात, म्हणते. माझी मुलगी एवढीशी आहे."

ती माणसं अजून नऊ-दहा दिवस गावात होती, एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात. मी रजा वाढवली. रोज संध्याकाळी काम थांबल्यावर तो अर्धा तास यायचा. आधी आईशी बोलायचा, मग ओसरीवर बसून मला शिकवायचा. मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे. त्याची बायको व्हिडिओ कॉलवर असायची, माझा उच्चार चुकला की ती हसायची आणि पुन्हा म्हणून दाखवायची. मला कळलं की आई मी खोलीत गेल्यावर रोज म्हणायची ते "वांग, उक्कारुंग" होतं, या, बसा. पोटच्या पोरीला ती आदरानं, परक्या मोठ्या बाईला बोलावं तसं बोलत होती आणि जेवलात का म्हणून विचारत होती. महिनाभर मी त्यावर औषध घे म्हणत होते.

काही शब्द शिकावे लागले नाहीत. तो अर्धा उच्चारायचा आणि उरलेला माझ्या तोंडून यायचा. काही मात्र कितीही घोकले तरी दुसऱ्या दिवशी जात. पन्नाशीला टेकलेल्या बाईचं डोकं ते.

गाडी जतकडं गेली, तिथून पुढं कर्नाटकात. मीही शाळेत रुजू झाले. दर शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून गावी, रविवारी संध्याकाळी परत. तो रविवारी फोन करायचा आणि आठवडाभरात अडलेलं सांगायचा. मी आईशी साधं बोलू शकायला लागले. जेवलीस का, दुखतंय का, आज मोगरा आलाय. मी अक्का होऊनच बोलायचे. एकदा धीर करून, त्यानं शिकवलेलं, "अम्मा, नान्‌ दान्‌" म्हणून बघितलं होतं, आई, मीच आहे. ती संकोचून हसली, वडीलधाऱ्या माणसानं काही विचित्र केलं की आपण हसतो तशी. मग पुन्हा मी ते केलं नाही.

एक वाक्य मी त्याच्याकडून मुद्दाम मागून घेतलं होतं. ते म्हणायला मला तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी आईला भरवून झाल्यावर मी तिला विचारलं, मुलीवर तुमचा राग नाही ना? शब्द नीट यावेत म्हणून मी हळू म्हणाले.

आईला नवल वाटल्यासारखं झालं. "कोवमा?" ती म्हणाली. राग? आणि मग, "कुळंदै दाने."

ते मला वहीशिवाय कळलं. लेकरू आहे ना ती.

मी ताट घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथं उभी राहिले.  ताट माझ्या हातातून घेऊन काकीनंच घासलं.

माझ्या शाळेत फरशीच्या कामाला आलेल्या राजस्थानी लोकांची, वीटभट्टीवर आलेल्या लोकांची मुलं असतात. पालकांच्या सभेत मी वीसेक वर्षं त्यांच्या आयांना सांगत आले, घरी मराठीच बोला, म्हणजे मूल मागं पडणार नाही. चांगल्या हेतूनंच सांगायचे. त्या बाया पदर ओढून मान हलवायच्या. त्या वर्षीच्या सभेत मी तिथपर्यंत आले आणि पुढं बोलता आलं नाही. मुलांना डबा पौष्टिक द्या, असलं काहीतरी बोलून खाली बसले. आता मी त्यांना तसं सांगत नाही, पण आधी ज्यांना सांगून झालं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.

आई थंडीत गेली. मंगळवार होता, मी कराडात होते. सकाळी काकी तिचं अंग पुसत असताना दुसरा झटका आला. मी पोचेपर्यंत माणसं जमली होती. मी तिच्याजवळ बसले. तिथं, सगळ्या गावासमोर, मी तिला अम्मा म्हणून हाक मारली. कुणी हसलं नाही. पण तिला ऐकू जायचं नव्हतं.

बोअरवाल्याला मी तिसऱ्या दिवशी कळवलं. पलीकडं मशीनचा आवाज येत होता. तो लांब चालत गेला असावा, कारण आवाज कमी कमी होत गेला.  बायकोला सांगतो म्हणाला, ती रोज विचारते. मग म्हणाला, आमच्याकडं आज घरात दिवा लावू.

दहाव्याला सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, काकी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पोरी, एक सांगायचं राहिलंय. जाताना त्या बोलल्या. दोन डाव बोलल्या. मी ध्यानात ठिवलंय तुझ्यासाठी."

मी म्हटलं, सांग.

काकीनं डोळे मिटले आणि चार-पाच अक्षरं उच्चारली. मला अर्थ लागला नाही. मी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा ती अक्षरं थोडी वेगळी आली. मी फोन लावला आणि काकीला त्याच्यापुढं म्हणायला लावलं. तो म्हणाला, पुन्हा बोला. तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं त्याच्या बायकोला फोनवर घेतलं. ती दोघं आपापसांत बोलली, दोन-तीन शब्द सुचवले, हे होतं का, ते होतं का. काकी प्रत्येक वेळी मान हलवायची, तसं नव्हतं. आणि जितक्या वेळा म्हणत गेली तितकं ते आणखी बदलत गेलं. शेवटी तिला स्वतःलाच खात्री राहिली नाही.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

काकी रडायला लागली. म्हणाली, दहा दिवस घोकत होते गं, झोपतानासुद्धा घोकत होते, चपात्या लाटताना घोकत होते. मी तिचा हात धरून बसले. नंतर मी आत गेले तरी ती ओसरीवर तशीच बसून होती आणि तोंडातल्या तोंडात ती अक्षरं पुन्हा जुळवून बघत होती.